कोपराखालचे हात

प्रिय ओयुन,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "नोमून नुसतं तोंड दाखवून पळते कुठे?" आणि मी दर वेळी सांगते की पोरगी अभ्यासात आहे. तुझी लेक आणि अभ्यास! तिथेच तुला संशय यायला हवा होता. तिचा उजवा हात झोळीत आहे, खांदा निखळला होता. आता बसवलाय, दुखणं उतरलंय, जेवते, माझ्याशी भांडते. एवढं वाचून आधी घोटभर चहा पी, मग पुढे वाच. उन्हाळ्यात तिला तुझ्या सर्कशीत नेऊन मायलेकींचा खेळ बसवायचा तुझा बेत आहे ना, त्याबद्दलच लिहायचंय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुला वाटेल सरावात पडली. नाही गं. पांढऱ्या महिन्याची, नव्या वर्षाची पहिली सकाळ होती. आई नवा रेशमी झगा घालून बसली होती, मटण भरलेले बूझ वाफेवर होते, आणि सगळ्यांत धाकटी म्हणून नोमून कौतुकाने पुढे झाली. नव्या वर्षी थोरांना मान द्यायला आपण जन्मभर करतो तसं तिने आजीच्या कोपरांखाली हात धरले. आई तिच्या गालाचा वास घ्यायला जरा वाकली, तेवढ्यात खांदा सटकला. आईचं वजन ते किती! मूठभर लोकर. पोरगी ओरडलीसुद्धा नाही. पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "थांब हं आजी, जाईल तो आपोआप आत." म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं. तेव्हापासून आई दारात येईल त्याला सांगते, "मी माझ्या नातीचा हात मोडला," आणि पाहुणेच बिचारे तिची समजूत काढत बसतात.

तुला आठवतं का, त्सेरेनबाई अंग वाकवण्याच्या खेळासाठी आपल्याकडे पोरी निवडायला आल्या होत्या तो दिवस? माझा अंगठा त्यांनी मनगटाकडे वाकवला, तो अर्ध्यातच अडला. "ही लाकूड आहे, हिला शिवण शिकवा," असं माझ्या तोंडावर म्हणाल्या. तुझा अंगठा थेट हाताला टेकला, आणि आईने शेजारीपाजारी वाळवलेल्या दह्याचे खडे वाटले. पुढे कोणीही आलं की, "ओयुन, अंगठा दाखव!" मी जळायचे तुझ्यावर. नोमूनचाही अंगठा टेकतो हे कळलं, तेव्हा आईने तुला फोन करून आनंदाने रडून घेतलं होतं. आपल्याकडे सैल सांधा म्हणजे आभाळाने दिलेलं देणं. म्हणून तर निवडलेल्यांतल्या जरा ताठ पोरींकडून बाई भिंतीला उलटं उभं राहणं, दोर चढणं, सगळं घाम काढून करून घ्यायच्या, आणि तुझ्यासारखीला म्हणायच्या, "तुला कशाला ताकद? तू फक्त ताण." त्यांच्याकडे नोमूनचंही तेच चाललं होतं. खांदा दुखतो म्हणाली की, "आखडला असेल, आणखी ताण."

खांदा बसवल्यावर डॉक्टर गांतुल्गांनी तिची बोटं, कोपरं, गुडघे वाकवून पाहिले. आईला तिथेही राहवलं नाही, "आमच्या घराण्यातच आहे हो हे!" ते म्हणाले, "तेच तर, आजी. तुमच्या तंबूचे दोर सैल असले तर वाऱ्यात काय करता? मेखा वाढवता ना? हिच्या सांध्यांचे दोर जन्मापासून सैल आहेत. स्नायूंच्या मेखा कोणी ठोकल्याच नाहीत." खेळ सोडायला त्यांनी सांगितलेलं नाही. आणखी वाकवणं बंद, आधी ताकद, तीही हळूहळू, सांधा सावरायला शिकत. आत्ता तिला एका हातावर उभं केलं तर खांदा पुन्हा निखळेल, आणि एकदा सवय लागली की निखळतच राहील. त्सेरेनबाई हे ऐकून आधी भडकल्या, "मला शिकवतात! माझा जन्म गेला पोरी वाकवण्यात!" मग चहाचा पेला खाली ठेवून मला म्हणाल्या, "त्या डॉक्टरला विचार, बाकीच्या सैल पोरींचं मी काय करू?"

तेव्हा या उन्हाळ्यात नोमून येणार नाही. चिडायचं तेवढं चीड माझ्यावर, मी पाठवणार नाही. ती रडली, पण सर्कशीसाठी नाही. म्हणाली, "आईला वाटेल मी मावशीसारखी लाकूड झाले." मला आधी हसू आलं आणि मग तिला जवळ घेऊन मीही रडले.

पण ओयुन, एवढंच असतं तर मी फोनवर भांडून मोकळी झाले असते. डॉक्टरांनी विचारलं, "हिच्या आईला कधी असं झालंय?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात नोमून मान खाली घालून पुटपुटली, "आईचा डावा खांदा जातो. पडद्यामागे ती भिंतीला दाबून आत बसवते. कोणाला सांगू नको म्हणालीय." तेव्हा मला तुझा लाल पोशाख आठवला. डाव्या खांद्याला आतून रुंद पट्टी शिवून दे, दिव्यात छान दिसते, असं तू म्हणाली होतीस. आतली पट्टी दिव्यात कुणाला दिसते गं? ती खांदा धरून ठेवायला होती. मी वेडी, लोकांना आवडतं म्हणून दुहेरी टाके घालून दिले. आता तशी पट्टी मी शिवणार नाही. तू घरी ये. डॉक्टरांना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय. नोमून रोज भिंतीला हात टेकवून नुसती ढकलत उभी असते, दात आवळून. कशासाठी एवढं, असं विचारलं तर म्हणते, पुढच्या पांढऱ्या महिन्यात आईच्या कोपरांखाली हात धरायचेत. तिचे हात तोवर तयार होतील. तू तुझे खांदे जागेवर घेऊन ये.

वाट बघणारी, तुझीच लाकडी ताई,
डुलमा