सव्वा मूठ गहू

मलागा बंदर, स्पेन
२८ जून १९९४

ती. सौ. प्रमिलावहिनींस,

दोंडाईचा नेमकं कुठल्या दिशेला येतं ते इथं समुद्रावर कळत नाही, म्हणून चारी दिशांना तोंड करून देवचंदचा नमस्कार. मायच्या पाया पडतो.

मायला सांगा, मी खुशाल आहे. भाकरीची आठवण येते, पण पावावरही माणूस जगतो. जहाजाच्या धोबीखान्यात माझी पाळी असते. वर साहेब आणि मडमा दिवसातून तीनदा कपडे बदलतात आणि खाली आम्ही इस्त्र्या फिरवतो. आपल्या गल्लीतल्या सगळ्या लग्नांत मिळून निघाल्या नसतील एवढ्या चादरी माझ्या हाताखालून गेल्या. लग्नाआधी नवऱ्या मुलाला एवढं काम येतं म्हटल्यावर मायनं आता मुलगी बघताना ताठ मानेनं बसावं.

आज जहाज मलागाला लागलं होतं. प्रवासी सकाळी उतरतात, गाव बघतात, पिशव्या भरून संध्याकाळी परत येतात. डोंगरावर जुना किल्ला आहे. खाली भलंमोठं चर्च आहे, त्याला बुरूज एकच. दुसरा बांधायचा राहून गेला म्हणे. म्हणजे कामं अर्धवट टाकायची रीत इकडंही आहे. रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं आहेत आणि कोणी एक फळ तोडत नाही, हे मायला पटणार नाही, पण खरं आहे. ऊन आपल्यासारखंच, फक्त घाम कमी येतो.

मायच्या गुडघ्याला तेल लावत जा. तिला सांगा, कानबाईच्या सणाआत पत्र पोचेल असं पाहून टाकलंय.

इथपर्यंतचं मायला वाचून दाखवा. पुढचं पान तुमच्या एकटीसाठी आहे. ती समोर बसली असेल तर "बाकी जहाजाच्या कामाचं लिहिलंय" म्हणा आणि पाण्याला उठा.

वहिनी, पत्राच्या वर "सौ." लिहिलंय ते सवयीनं नाही, विचार करून लिहिलंय.

निघताना एस. टी. स्टँडवर तुम्ही काय म्हणालात ते मी विसरलो नाही. "देवाभाऊ, ते गाव लागलं तर उतरा. सापडले तर खरं काय ते सांगा. मला गोड काही नको." सात वर्षांपूर्वी भाऊ याच कंपनीच्या जहाजावरून याच बंदरात उतरला आणि परत जहाजावर चढला नाही. कंपनीनं "पळाला" एवढंच कळवलं. तेव्हापासून तुमचं ना सासर ना माहेर. धुळ्याचे शालिग्राम मास्तर शिरपूरला तुमच्या माहेरी तात्यांकडे दोनदा येऊन गेले. माणूस चांगला आहे, तुमच्याशी पाट लावायला तयार आहे. आणि तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, आधी कळू द्या.

आमच्या स्वयंपाकघरातला गोव्याचा आचारी म्हणाला होता की किनाऱ्यावर मासे भाजणारा एक माणूस आपल्याकडचा दिसतो. म्हणून आज सुट्टी मागितली. पास देताना अधिकाऱ्यानं माझं आडनाव वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाला, "सहाच्या आत ये. या नावाचा एक इथं गेला तो गेलाच. तुझीही वाट बघणार नाही." तरी उतरलो.

किनारा लांबच लांब. वाळू भरलेल्या जुन्या होड्या, त्यांत निखारे, आणि काडीत ओवलेले मासे धगीला लावलेले. एकेक होडी बघत गेलो. सगळे भाजणारे उभे होते. शेवटच्या होडीपाशी एक जण उकिडवा बसला होता, शेतात जेवायला बसतो तसा. मला तोंड बघायची गरजच पडली नाही.

"भाऊ," मी म्हटलं. त्यानं वर न बघता त्यांच्या भाषेत काहीतरी किंमत सांगितली.

"भाऊ, मी देवा. दोंडाईचाथीन उनू."

त्याच्या हातातली काडी निखाऱ्यात पडली. इकडंतिकडं बघून म्हणाला, "हळू बोल. पोलीस फिरतस आठे." त्याच्याकडे अजून कागद नाहीत. मग म्हणाला, "माय कशी शे?"

"जित्ती शे. वाट देखस."

तुमचं त्यानं विचारलं नाही. मी वाट बघितली, आणि मग मीच सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या टपरीतून एक बाई आली. तिच्या कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. मुलगी भाऊच्या पाठीवर लोंबकळली आणि त्याला त्यांच्या भाषेत बाबा म्हणाली. ती भाषा मला येत नाही, पण तेवढं कळलं. कपाळ आपल्या मायचंच आहे वहिनी, खोटं कशाला बोलू.

मला खूप राग आला. पण त्या पोरीसमोर काय बोलणार? ती मला मासा देत होती.

बाई आत गेल्यावर मी सगळं बोललो. तुम्ही बालवाडीत नोकरी धरलीत, मायचं करता, आखाजीच्या सणाला शिरपूरला एकट्या बसनं जाता, कारण तुम्हाला पाठचा भाऊ नाही आणि माहेरी न्यायला मुराळी येत नाही. मास्तरांचंही सांगितलं. त्यानं खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाला, "तिले सांगी दे, मी मरी गऊ."

"आनि मायले?"

"मायलेबी. मरेल मानूसले फारकत देनी पडत नही. ती मोकळी व्हई जाई." आणि त्यानं हातातलं चांदीचं कडं काढलं, तात्यांनी लग्नात घातलेलं. म्हणाला, हे दाखव, सगळ्यांना पटेल.

वहिनी, मी ते कडं घेतलं. त्या वेळी मला ते बरोबरही वाटलं. तुम्ही दहा दिवस रडाल, माय रडेल, आणि मग तुम्ही धुळ्याला सुखात राहाल. त्याची बदनामी नाही, घराची नाही. मी हो म्हटलं.

तेवढ्यात जहाजाचा पहिला भोंगा झाला. मी उठलो तर त्यानं माझं मनगट धरलं, सोडेना. म्हणाला, "देवा, कानबाईले मनी मूठ आजूनबी काढतस का?"

श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आपण घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतो. सात वर्षं त्याच्या नावाची मूठ तुम्ही स्वतःच्या हातानं काढलीत. मायचा हात थरथरतो म्हणून. काढताना तोंडातून शब्द नसतो तुमच्या, मी बघितलंय.

"वहिनीच काढस," मी म्हटलं.

"मंग काढू दे," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. "मरेलनी मूठ काढतस का रे कुठे?" मी ओरडलो. लोक बघायला लागले. त्याला मरायचंही होतं आणि घरच्या धान्यातला वाटाही सोडवत नव्हता. दुसरा भोंगा झाला. मनगट सोडवून धावत सुटलो. वाळूत पाय रुतत होते आणि पाठीमागे तो माझं नाव घेत होता, पोलिसांची भीती विसरून. शिडी उचलायच्या बेतात होते. अधिकारी म्हणाला, "मला वाटलं तूही गेलास."

धोबीखान्यात येऊन त्याला दिलेल्या शब्दाप्रमाणे तुम्हाला पत्र लिहिलं. समुद्रात बुडाला, कडं सापडलं, असं. वर "श्रीमती" लिहिलं. त्या शब्दाकडे बघवेना. माझ्या हातानं तुमचं कुंकू पुसायचं, आणि तेही खोटं. तुम्ही खरं मागितलं होतंत. फाडून पाण्यात टाकलं आणि हे लिहायला बसलो.

तर खरं हे असं आहे. भाऊ जिवंत आहे, त्याचा संसार आहे, तो येणार नाही. डिसेंबरात सुट्टीवर आलो की कडं घेऊन पंचांसमोर उभा राहीन आणि डोळ्यांनी पाहिलं ते सांगेन. फारकत तो देणार नसेल तर पंच सोडवतील, नाहीतर धुळ्याच्या कोर्टात साक्ष देईन. घराचं नाव जाईल, जाऊ द्या. मायला मी स्वतः सांगेन, ते ओझं तुमच्यावर नको.

यंदा गहू काढायला बसाल तेव्हा भाऊची मूठ काढायची की नाही, ते तुमच्या हातावर सोडतो. कानबाई तुम्हाला दोष देणार नाही.

आणि मास्तरांकडे गेलात तर एक गोष्ट ठरली म्हणून समजा. मग मी तुमचा दीर राहत नाही. पण आखाजीला धुळ्याला तुमच्या दारात एस. टी.तून कोणीतरी उतरेल, माय वाट बघतेय म्हणेल, आणि तुमची पिशवी उचलून तुम्हाला दोंडाईच्याला घेऊन येईल.

तुमचा मुराळी,
देवचंद