साहेबाची आई

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मुक्काम बेंबळी, जिल्हा उस्मानाबाद
नागपंचमी, शके १८६८

चिरंजीव शरणबसप्पा यास थोरला भाऊ महांतप्पा याचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. आई बरी आहे. दोन्ही डोळ्यांनी आता दिसत नाही, पण सकाळची लिंगपूजा तिची तीच करते. मूग फुलावर आहे. म्हैस व्यायली, रेडी झाली. आज पंचमी, रानात खुरपेसुद्धा चालवायचे नाही, म्हणून दुपार मोकळी आहे. तुझ्या वहिनीने लाह्या केल्या आहेत. आपल्या पोरीचे, इरम्माचे लग्न वैशाखात झाले, मुलगा माकणीचा, शेतीवाला, शांत आहे. तुला कळवायचे राहून गेले.

राहून गेले असे वर लिहिले, ते खोटे आहे. खोडत नाही, तसेच असू दे.

गुढीपाडव्याला तू लिहिलेस की दोन वर्षांत एका ओळीचेही उत्तर नाही, तेव्हा हे शेवटचे पत्र. ते पत्र मी परवा वाचले. त्याच्या आधीची सहासुद्धा परवाच वाचली. तोवर सातही पाकिटे भिंतीतल्या देवळीत भस्माच्या डबीमागे होती, न फोडलेली.

कारण सांगतो. अडीच वर्षांपूर्वी संक्रांतीला मी आणि आपला शेजारी शिवप्पा सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. सिद्धेश्वराचे दर्शन झाल्यावर शिवप्पाने तंबूतल्या सिनेमाला ओढून नेले. चित्र राजाराणीचे होते. मध्येच राजाचा जोशी आला. डोक्याला मोठे पागोटे, अंग उघडे, छातीवर जानवे. शिवप्पा ओरडला, "आरं महांतप्पा, ह्यो तर आपला शरण्या! पार भट झाला की रं!" सगळा तंबू हसला.

मी मात्र तुझा गळा बघत होतो. गळ्यात लिंग नव्हते. आपल्यात लिंग अंगावेगळे केले की माणूस जितेपणी गेला, हे लहानपणी मीच तुला शिकवले. त्या दिवशी मी जेवलो नाही. घरी येऊन कुणाला काही बोललो नाही. आपल्यात सुतक पाळत नाहीत, तरी मनात मात्र तुझे सुतक धरले. तुझी पत्रे यायला लागली तेव्हा आईला म्हणत गेलो, काही आले नाही. इरम्माच्या लग्नात पाहुण्यांनी विचारले, काका कुठं? मी म्हटले, मुंबईत कामातून सुट्टी नाही.

गेल्या सोमवारी पूजा उरकून आई म्हणाली, "देवळीतली पत्रं वाचून दाखव."

मी म्हटले, "कंची पत्रं?"

"बंडप्पा टपाल टाकताना दर बारीला वरडून सांगतो, गंगम्मा, नटाचं पत्र आलं गं. डोळं गेल्यात माझं, कान न्हाय गेलं."

"मग येवढे दिस बोलली का न्हाईस?"

"तू थोरला. तुझ्या तोंडातनं खोटं निघायलंय, इचारून तुला आणिक खोटं कशाला बोलाया लावू? वाटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. दुसऱ्या कुणाकडनं वाचून घ्यावं, तर घरचं पत्र बाहेरच्यानं फोडायचं व्हय?"

मग परवा फोडली. पहिल्याच पत्रात तू लिहिले होतेस. चित्राचे मालक म्हणाले, गळ्यातला लिंगाचा दोरा दिसतो, काढ. तू म्हणालास, पार्ट काढून घ्या, हे निघणार नाही. शेवटी तू लिंग पागोट्यात, मस्तकावर बांधून उभा राहिलास. शरणबसप्पा, मी छातीशी बाळगतो ते तू मस्तकावर घेतले होतेस. आणि ते पाकीट मी भस्माच्या डबीमागे टाकून रोज त्याच डबीतले भस्म कपाळाला लावत होतो.

आईला सगळी पत्रे वाचून दाखवली. तिसऱ्या पत्रातला तुझा तो सिनेमातला म्हातारा साहेब तिला फार आवडला. इंग्लंडात वीस वर्षे नाटकात काढून पन्नाशीला अमेरिकेला गेलेला, तिथल्या चित्रांत कधी न्यायाधीश, कधी पाद्री, बहुतेक वेळा दार उघडणारा नोकर. चाळीस चित्रे झाली तरी नाव कायम तळाला. तू लिहिलेस की चहाचे तबक आणताना तो नायकाकडे बघत नाही, तबकाकडे बघतो, म्हणून तो खरा वाटतो, आणि तेवढे शिकायला तू एकच चित्र पाच वेळा बघितलेस. आईने ते दोनदा वाचायला लावले.

मग म्हणाली, "त्या साहेबाची आई हाय का?"

मी म्हटले, "असंल."

"पत्र धाडत असंल तिला?"

"धाडत असंल."

तिने माझ्या हातातले पत्र चाचपले. मग म्हणाली, "तिला कोण वाचून दाखवत असंल?"

मी चौथे पत्र हातात घेतले. तुझी वहिनी उठून आत गेली.

काल मी आईला म्हटले, त्याला लिहितो, लगेच निघून ये म्हणून. ती म्हणाली, "ये म्हणू नगंस. तुझा तेवढा हक्क न्हाय ऱ्हायला. आधी घडलं ते लिही. यायचं का न्हाय ते त्याचं तो बघंल." म्हणून ये असे लिहीत नाही. आईचे वय तुला ठाऊक आहे, तेही लिहीत नाही. तुझे रागावणे योग्य आहे. उत्तर आले नाही तरी मी आईला खरे तेच सांगेन, की आज आले नाही.

लिहिताना ती शेजारीच बसली आहे. आता विचारते, खाली काय लिहिलंस. अजून लिहिले नाही म्हटले. ती म्हणाली, आशीर्वाद लिहू नगं, तो वर दिलास तेवढा पुरे.

म्हणून थोरला असूनही हात जोडतो, शरणु शरणार्थी.

तुझी पत्रे आईपासून अडवून ठेवणारा,
तुझा अण्णा
महांतप्पा