चौकटीबाहेरचे मणी

४ फेब्रुवारी

पुन्हा तुटल्या! सव्वादोनशे अंशांना भट्टीत ठेवल्या, बाहेर काढून बघितलं तर तारांच्या जागी मण्यांच्या रांगा. चांदी वितळायला साडेनऊशेच्या वर जावं लागतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तार केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी बारीक केली की ती वितळायची वाट बघत नाही. नळाची बारीक धार खाली येता येता थेंब होते, तशी जागच्या जागी तुटून मणी होते.

प्रयोगशाळेतल्या लाडोबाच्या तारा मात्र तीनशेला शाबूत. चांदी तीच, बाटली तीच, भट्टी तीच. सर सगळ्यांसमोर म्हणाले, हाताला यश असावं लागतं. लाडोबा खाली बघून हसला. सरांचा लाडका — त्याला काय, खाली बघूनही हसता येतं.

५ फेब्रुवारी

मणी.

९ फेब्रुवारी

नेमणूक महिनाअखेर संपते. वाढवायची की नाही ते सर ठरवणार. नेमणूक गेली की संस्थेचं घरही सोडायचं. आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण या घरात ती भिंत न चाचपता फिरते, चहा करते, नुसत्या आवाजावरून दूध उतू जायच्या आत गॅस बंद करते. नव्या घरात तिला पुन्हा ठेचा खायला लावायच्या? अजून सांगितलेलं नाही.

आज विचारत होती, "तुझ्या तारांचं काय गं?" म्हटलं, तुटतात.

"तू बघून सांगतेस ना, मग तुटतच असतील."

माझ्या निष्कर्षांवर विश्वास ठेवणारी जगात एकच बाई, आणि तिला दिसत नाही!

१३ फेब्रुवारी

सापडलं! लाडोबाच्या शेजारी बसून त्याचं काम नुसतं बघितलं. तो तारा आधी सूक्ष्मदर्शकाखाली घालतो, एक जागा निवडतो, फोटो काढतो. मग भट्टी. मग पुन्हा तीच जागा, दुसरा फोटो. किती नीटनेटकं! मी भट्टीतून काढल्यावरच बघते. फरक एवढाच.

तो जेवायला गेला तेव्हा त्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जरा बाजूला सरकवला. मणी. जिकडेतिकडे मणी. मधे फोटोच्या मापाचा काळपट चौकोन, आणि तेवढ्यातच तारा धडधाकट. सूक्ष्मदर्शकाचा इलेक्ट्रॉनांचा झोत जिथे पडतो तिथे काजळीचा पातळ थर बसतो — पहिल्याच वर्षी शिकतो आम्ही हे, आणि विसरतो. त्या थराने तारा धरून ठेवल्या. आधी बघितल्या म्हणून वाचल्या, बाकीच्या मेल्या.

आणि मला दोन वर्षं नालायक ठरवलं, ते या काजळीच्या जोरावर!

१४ फेब्रुवारी

सरांना दाखवलं. मग चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा. म्हणाले, लाडोबाच्या तारांवरचा पेपर या महिन्यात जायलाच हवा, आणि परीक्षक काही चौकटीबाहेर बघायला येत नाहीत. त्यावर तुझंही नाव घालू.

आणि अगदी मायेने म्हणाले, "आईंना घर सवयीचं झालं असेल ना आता?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. वर चहाही पाजला.

१५ फेब्रुवारी

लाडोबाला सांगितलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पांढराफटक पडला, मला विचारतो, आता काय करायचं? मेल्याने चिडायचीसुद्धा सोय ठेवली नाही.

म्हटलं, खरं ते लिहायचं. दुसरं काय करायचं असतं?

२१ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही.

२८ फेब्रुवारी

पेपर गेला, फोटो चौकटीतलेच. दुसरं नाव माझं. नेमणूक वर्षभर वाढली.

आईने तारांचं विचारलं. म्हटलं, तीनशेला टिकतात.

"हो का? तू बघून सांगतेस ना," म्हणाली, आणि उत्तरासाठी न थांबता, भिंत न चाचपता, चहाचं आधण ठेवायला गेली.