चालता पाय

प्रिय लितुगेना,

तुझ्या सासऱ्यांनी सांगितलेलं काम मी करणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धाकधूक नको. तुमच्या गोठ्यावरचा गडी काल सकाळी इथे झऱ्यापाशी आला आणि माझ्या पडवीत उभा राहिला. 'मालकांना ओकाच्या लाकडाचं बाळ कोरून हवंय, देवीला वाहायला,' म्हणाला. 'दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. पाय दिसता कामा नयेत.' मी हातातली पटाशी खाली न ठेवताच विचारलं, 'का रे, बाळाला पाय नाहीत का?' मग त्याला बसवलं, जवाची दारू आणि खारवलेल्या डुकराचा चांगला जाड तुकडा पुढे ठेवला, आणि सगळं काढून घेतलं.

तर तुला मुलगा झाला. डावा पाय तुझ्यासारखाच, आत वळलेला. तू जेवत नाहीस. तुझे सासरे म्हणतात, सेक्वानादेवीने अमावस्येपर्यंत पाय सरळ केला तर नातू आमचा. नाही केला तर तिच्याच झऱ्याकाठी ठेवून यायचा, तिचं तिला. तोवर नावसुद्धा द्यायचं नाही. 'आणि आमचे जावई काय म्हणतात?' मी विचारलं. 'धाकटे मालक गप्प असतात,' गडी म्हणाला. सेदातुस गप्प असतो हे मला लग्नातच दिसलं होतं. तेव्हा मला तो गुण वाटला होता.

माझं काम तुला नव्याने सांगायला नको, पण त्याला वाचून दाखवशील म्हणून लिहितो. ज्याचं जे दुखतं ते मी देवळात टांगायला लाकडात कोरतो, आणि जसं दुखतं तसंच कोरतो. गळ्याला गाठ असेल तर गाठ, आणि ती उजवीकडे असेल तर उजवीकडेच. घोट्याचं आतलं हाड बाहेरच्या हाडापेक्षा थोडं वर असतं. हे मला कुणी शिकवलं नाही, माणसांचे घोटे चाचपून मी शिकलो. शेजारच्या पडवीतले कारागीर दोन्ही हाडं एका रेषेत काढतात आणि वर पैसेही घेतात. देवळाचा कारभारी मेलिद्दुस मला नेहमी म्हणतो, 'अरे बाबा, जरा देखणे पाय कर ना, लांबलांबून लोक बघायला येतात.' मी म्हणतो, पाय देखणा असता तर माणूस इथवर लंगडत आला असता का? आणि देवीने त्यात बरं तरी काय करायचं? अक्षरंही मी भिंतीवर खोदलेले लोकांचे नवस वाचून शिकलो, म्हणून हे पत्र दगडात ठोकल्यासारखं दिसतंय. दिसू दे.

पण तुझा पाय मी देवळात कधी टांगला नाही. यावरून गावाने मला किती टोचलं ते तुला पुरतं माहीत नाही. तुझी आई बिचारी म्हणायची, 'एवढासा पाय, तुमच्याच हातचा. वाहिला तर काय बिघडतं?' मेलिद्दुसने तर यात्रेत, सगळ्यांदेखत, 'दागोमार, साऱ्या मुलखाचे पाय टांगलेस, घरचाच विसरलास होय रे!' म्हणून लोकांना हसवलं. मी म्हटलं, 'घरचा पाय चालतोय. टांगायला मोकळा नाही.' तेव्हा तू माझ्या पुढे धावत झऱ्याच्या पायऱ्या उतरत होतीस, हातात माझ्या जेवणाचं भांडं, आणि त्यातलं अर्धं सांडलेलं.

देवीवर माझा विश्वास नाही असं मात्र कुणी म्हणू नये. तुझी आई तापाने फणफणली तेव्हा मी तिचं डोकं कोरलं, केसांच्या वेण्यांसकट, आणि त्या बदकाच्या आकाराच्या होडीत उभ्या असलेल्या देवीपुढे गुडघे टेकून ठेवलं. आई गेली. तरी मी देवीशी भांडलो नाही. आजारासाठी हात पसरायची मला लाज नाही. पण तुझा पाय आजार नव्हता. तो तुझा पाय होता. त्याच पायावर तू मेंढ्यांमागे टेकडी चढलीस, आणि लग्नात एवढी नाचलीस की तुझे सासरेच म्हणाले, 'व्याही, पोरगी दमत कशी नाही हो!' तेव्हा त्यांना तो पाय दिसला नव्हता असं त्यांनी मला तोंडावर सांगावं.

आता या पत्राबरोबर गड्याच्या हाती दिलेल्या गोणीचं. गड्याला वाटतंय त्यात लाकडाचं बाळ आहे, म्हणून बिचारा ती छातीशी धरून आणेल. त्यात बाळ नाही. तुझा पाय मी कोरला नाही, असं गाव समजतं. पोरी, मी तो दरवर्षी कोरला. देवीसाठी नाही, कोब्नेर्तुस चांभारासाठी. तू उभी राहायला लागलीस तेव्हापासून दर हिवाळ्यात, तू झोपलीस की पाय चाचपून माप घ्यायचो. त्या लाकडी पायावर तो चामडं ताणून तुझा जोडा शिवायचा, बाहेरची कड जाड ठेवून. तुला वाटायचं सगळ्यांचेच जोडे तसे असतात. ते सगळे पाय मी जपून ठेवलेत, एकालाही कीड लागलेली नाही. सासऱ्यांसमोर जेवणाच्या फळीवर ते ओळीने मांड, लहानापासून थोरापर्यंत. शेवटचा तुझ्या लग्नातला. मग बाळाचं दुपटं सोड, त्याचा पाय सर्वांत लहान पायाच्या शेजारी धर, आणि त्यांना विचार, यातला कुठला पाय झऱ्याकाठी टाकायचा ते बोट ठेवून दाखवा. तुझ्याने विचारवलं नाही तरी ओळ मांडून ठेव. मी कोब्नेर्तुसला बरोबर घेऊन गड्याच्या मागोमाग निघतोय, मी विचारीन. सेदातुसला सांग, आजोबा दारात येईपर्यंत पोराला नाव मिळालेलं असलं पाहिजे. त्याला त्या नावाने हाक मारूनच मी आत पाऊल टाकणार आहे.

तुझाच, वाटेला लागलेला बाप,
दागोमार