नाव ठेवायच्या आधी

सोम. ८ जाने.
सलग दुसरी ड्यूटी. पाय सुजलेत. नव्या डॉक्टरबाईंनी वॉर्डातल्या बाळंतिणींना सांगितलं, बाळ छातीशी धरून हळू गुणगुणा. दिवस न भरलेल्या लेकरांचा श्वास त्यानं सावरतो. मला म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही लक्ष ठेवा. आणखी एक काम.
ईट गावची सुनीता. बाळ अकराशे ग्रॅम. बाकीच्या गुणगुणतात, ही ओठ घट्ट मिटून बसते.

बुध. १०
कारण कळलं. पहिलं लेकरू आठव्या दिवशी गेलं. त्याला हिनं बारशाच्या आधीच पाळणा म्हटला होता. सासू म्हणते, तेच बाधलं. हिलाही तसंच वाटतं. मी म्हणाले, पाळणा नको, खुरपताना म्हणतेस ते म्हण. 

शुक्र. १२
दुपारी आपणहून गुणगुणली. शब्द नाहीत, नुसता सूर. बाळाचा श्वास संथ झाला. डॉक्टरबाईंनी ऑक्सिजन जरा कमी केला. सुनीता रडली.
मी घरी येऊन न जेवता आडवी.

रवि. १४
बाळाला जंतुसंसर्ग. श्वास मधेच थांबायला लागला, मशीनवर घेतलं. सासूनं मला बाहेर गाठलं. आवाज चढवला नाही.
"म्या नको म्हणलं होतं. तुमीच लावलं तिला गायला."
संसर्ग कशानं होतो ते समजावलं. सगळं खरंच सांगितलं. तरी तिच्याकडं बघवेना.

मंगळ. १६
सुनीताला ताप, आत घेता येत नाही. बाळ एकटंच. मीच गुणगुणावं म्हणून काचेच्या पेटीशी गेले, तेवढ्यात दुसऱ्या बाळाचा अलार्म. परत जाणं झालंच नाही. लई थकलेय.

गुरु. १८
सकाळी सासू दारात. म्हणाली, सून तिकडं लेकरासाठी तळमळतीय, मला तरी जाऊ द्या. डॉक्टरबाईंनी होकार दिला. कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला. पेटीशी वाकली. गाणं न्हाय, नुसतं बोलते म्हणाली. शेळी व्याली, तूर काढून झाली, आईचा ताप उतरतोय, असं काहीबाही सांगत राहिली. बोलता बोलता सूर लागला. तिच्याच ध्यानात आलं. थांबली.
"काय व्हईल ओ, सिस्टर?"
"सांगता येत नाही, मावशी."
 मग गाऊनच्या बाहीनं तोंड पुसलं, पुन्हा वाकली, आणि जिथं थांबली होती तिथनं पुढं म्हणू लागली.