पंखा फिरत होता

अण्णा, आज चाकणच्या कंपनीत तुमचा व्होल्ट मोजायचा मीटर बाहेर काढला. उत्पादनाच्या लाइनवरचा एक कॉम्प्युटर नुसता चालू केला की ठणठणीत, पण लाइन सुरू झाली की बंद पडायचा. शिफ्टवाले म्हणाले, "मॅडम, सप्लाय ओके आहे, त्याचा पंखा फिरतोय ना. मदरबोर्डच गेलाय." मला हसू आलं. एकेकाळी मीही अशीच शहाणी होते.

संत तुकाराम नगरातलं तुमचं दुरुस्तीचं दुकान. मी कॉलेजातून येऊन टेबलाशी बसले आहे. तुम्ही न बघताच हात पुढे करता, "पिन दे." मी केसांतली पिन काढून देते, तुम्ही तिने सप्लायची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, हिरवी आणि काळी वायर जोडता आणि त्याचा पंखा गरगर फिरायला लागतो. एकदा तुम्ही जेवायला गेलेले असताना मी एकटीनेच हा प्रयोग केला आणि टायपिंग क्लासच्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं, सप्लाय चांगला आहे, घेऊन जा. दोन दिवसांनी बाई तो डबा घेऊन परत आल्या आणि तुम्ही त्यांच्यादेखत मला झापलंत. "रिकामा पंखा कसा बी फिरतो गं. दोन हार्ड डिस्क लाव, ओझं दे त्याला, मग मीटर बघ." लावल्या, तर मीटरवर बारा व्होल्टचे साडेदहा झाले. मी रुसले, दुकानात यायचंच बंद केलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा मीटर माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलात.

आजही तसंच केलं. ओझं दिलं, आकडा घसरला, सप्लाय बदलला, लाइन सुरू झाली. सगळे कौतुक करत होते आणि मला मात्र तुमची इतकी आठवण आली की मी मीटर हातात धरून तिथेच बसून राहिले.

तुमच्या शेवटच्या वर्षी मी दर रविवारी सांगवीहून तुम्हाला भेटायला यायचे. तुम्ही खुर्चीत, गप्पा रंगलेल्या. "अण्णा, एकदम ठणठणीत दिसताय," म्हणायचे आणि चहा पिऊन निघायचे. पूर्वी गाडीपर्यंत सोडायला येणारे तुम्ही, आता खिडकीतूनच हात हलवायचात. तुमच्या दहाव्याला शेजारच्या काकू म्हणाल्या, "चार पायऱ्या चढले की कठडा धरून थांबायचे गं. तुला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं ठाऊक. मी एकदाही म्हटलं नाही, "अण्णा, चला, खाली चक्कर मारून येऊ." हे आईलाही अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलेल्या या कागदाची घडी करून मीटरच्या डब्यात ठेवतेय.