गुरुवार पुरुषांचा

सोमवार, ६ जुलै २०२०

बोयोने आज साँकोचोचं सूपसुद्धा नाकारलं. कोंबडीचं वरचं पाणी तेवढं काढून, गार करून बशीत दिलं होतं. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच तोंड फिरवलं. मला वाईट वाटू नये अशा बेताने.

पोट पुन्हा फुगलं आहे. खोकला थांबत नाही. आडवा होत नाही, पुढचे पाय फाकवून उभ्या उभ्याच डुलक्या काढतो. पाय घसरला की दचकून जागा होतो.

टाळेबंदीत बाहेर पडायला बायकांचे दिवस वेगळे, पुरुषांचे वेगळे; आज बायकांचा दिवस होता. ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे मला सकाळची वेळ मिळते, ती सगळी सुपरमार्केटच्या रांगेत गेली. परत आले तेव्हा दारामागे शेपटीचा आवाज नव्हता. तेव्हाच कळलं.

तेओ म्हणाला, "म्हातारा झालाय गं. हा तुझा नवराही खुर्चीतच झोपतो. मला कधी नेतेस डॉक्टरकडे?"

मी हसले नाही. तोही हसला नाही.

मंगळवार, ७ जुलै

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना मार्चपासून बंद आहे. फोन वाजत राहतो. आज बऱ्याच ठिकाणी फोन केल्यावर एका नव्या दवाखान्यात एक बाई बोलली. पार्के लेफेव्रच्या बाजूला आहे, चालत जाण्यासारखा. डॉक्टर सामुदिओ तिथे फक्त सोमवारी आणि गुरुवारी येतात.

"गुरुवारी सकाळी आणाल?"

"आणते," म्हणाले. लगेच! फोन ठेवला आणि आधी बोयोलाच सांगितलं — परवा जायचं हं.

तेओ केळ्याचे काप तळत होता. हातात झारा तसाच. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "मास्तरीणबाई, गुरुवार पुरुषांचा."

बायकांच्या दिवसांभोवती त्यानेच लाल पेन्सिलीने गोल केले आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. जन्मभर पहिलीच्या मुलांना वार शिकवले मी, आणि मलाच आठवलं नाही. घरात बसून बसून सगळे वार सारखे झाले आहेत.

पुन्हा फोन केला. शुक्रवार? नाही, शुक्रवारी डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात. मग पुढचा सोमवार? ती बाई म्हणाली, "फोन जरा त्याच्या तोंडाजवळ धरता का?" मी धरला. तिने बोयोचा श्वास ऐकला. मग आवाज बदलला तिचा.

"गुरुवारीच आणा, बाई. कुणीही आणा, पण आणा."

बुधवार, ८ जुलै

आज माझा दिवस, आणि कुठे जायचं नाही.

बोयो कधीही माझ्याशिवाय डॉक्टरकडे गेलेला नाही. टेबलावर ठेवला की थरथरतो. मग मी त्याच्या डोळ्यांवर तळवा धरते. तेवढं केलं की डॉक्टरांनी काहीही करावं. सुया टोचाव्यात, कान उलटे करावेत. नुसता माझ्या हातात श्वास सोडत राहतो.

तेओला दाखवलं. असा धरायचा. दाबायचं नाही.

"आत सोडलं तर धरीन," तो म्हणाला.

आत सोडत नाहीत. फोनवरच्या बाईने सांगितलं आहे — फाटकापाशी कुत्रा हातात घेणार, मालक रस्त्यावर.

दुपारी तेओ त्याचा बसवाल्याचा जुना शर्ट आणि टोपी घेऊन आला. "घाल. कोळशाने मिशी काढू. पोलिसाने विचारलं तर गप्प राहायचं. ते तुला जमतंच."

मी शर्ट घातला! खरंच घातला. आरशात बघितलं. खांद्यावरून खाली लोंबत होता. तेओ गमतीत म्हणाला होता, पण मला घातलेला बघून त्याचा चेहरा उतरला. मागच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या बाईला पुरुषांच्या दिवशी औषधाची चिठ्ठी हातात असताना पोलिसांनी गाडीत घातलं. दिवसभर सोडलं नाही. मला धरलं तर बोयो वाटेतच राहील.

शर्ट काढला.

बोयोला तेओनेच आणलं होतं, बसमधून. ही गोष्ट तो सगळ्यांना सांगतो. कुत्रा स्वतः चढला, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसला, आमच्या थांब्यावर उतरला. कधी कधी तर भाडंही देतो. दर वेळी मला सांगावं लागतं — तेओ, तूच त्याला उचलून चढवलंस, पिल्लू होतं ते, पायरी चढता येत नव्हती त्याला. तो म्हणतो, "बघा, मास्तरीणबाईंनी लाल शाई काढली!" पाहुणे हसतात. आमचं असंच चालतं. तो भर घालतो, मी काढून टाकते.

आज बोयोच्या पायाशी बसून त्याने तीच गोष्ट त्यालाच सांगितली. या वेळी मी काही काढून टाकलं नाही. बोयोने मधे एकदा कान हलवला.

टोपलीत माझा घरातला झगा अंथरला आहे, न धुतलेला.

गुरुवार, ९ जुलै

गेला.

दुपारी —

लिहिलं नाही तर विसरेन असं नाही. तरी लिहिते.

सकाळी तेओ टोपली छातीशी धरून उतरला. मी बाल्कनीतून बघत होते. कोपऱ्यावर त्याने टोपली जराशी उंच केली, मला दिसावा म्हणून. बोयोचे फक्त कान दिसले. पिवळे, वाळलेल्या कणसाच्या पानासारखे.

मग काही नाही. भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

फोन आला. तेओ म्हणाला, "एदिल्मा, डॉक्टर विचारताहेत." एवढंच. मागे गाड्यांचा आवाज. पुढे त्याला बोलता येईना. मला कळलं, इंजेक्शन देऊन झोपवायचं का, हेच विचारताहेत. छातीत पाणी भरलं होतं, हृदय थकलं होतं.

मी म्हणाले, "हो."

एवढा एकच शब्द. तोही फोनवर. बोयोला नाही, तेओला.

तो परत आला तो मोकळ्या हातांनी. टोपली, झगा, पट्टा, सगळं तिथेच विसरला. दारात बूट काढले, हात धुतले, पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

म्हणाला, डॉक्टर भला माणूस. नियम नियम म्हणाला, पण शेवटी उजव्या बाजूची खिडकी उघडून दिली. निळ्या चौकटीची. "मी हात आत घातला. तू दाखवलास तसाच धरला डोळ्यांवर. दाबला नाही. त्याने तुझ्या झग्यात नाक खुपसलं. एकदा शेपटी हलवली, एकदाच. मग झोपला."

"थरथरत होता?"

"नाही गं. अजिबात नाही."

मी पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं. मग तो न्हाणीघरात गेला आणि नळ बराच वेळ चालू होता.

निदान डोळ्यांवर हात होता. देवा, तेवढं तरी दिलंस.

शुक्रवार, १० जुलै

माझा दिवस. झगा आणि पट्टा आणायला गेले. तेओ म्हणाला, "राहू दे, मंगळवारी मी आणीन." दोनदा म्हणाला. मी गेले.

फाटकापाशी चार-पाच बायका, पायाशी खोकी, टोपल्या. आत कुणाला सोडत नव्हते. समोरच्या काचांना आतून पांढरा कागद चिकटवलेला. फोनवरच्याच बाईने मास्कमागून "फार वाईट वाटलं" म्हणत पिशवी दिली. घेतली.

मग उजवीकडे गेले. ती खिडकी मला बघायची होती.

उजवीकडे टायरवाल्याचं दुकान. भिंतीला भिंत चिकटलेली. डावीकडे बोळ, नुसता सिमेंटचा. मागे जाऊन आले. निळी चौकट नाही. कुठलीच चौकट नाही.

समोरच्या घरात एक बाई जाळीतून सारण भरून तळलेल्या एम्पानादा विकते. ती मघापासून बघत होती. "काय हरवलं, सेन्योरा?"

"खिडकी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. "काल माझा नवरा आला होता. टोपीवाला. पिवळा कुत्रा घेऊन —"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुम्ही एदिल्मा!"

मी जाळीजवळ गेले.

"अहो, अख्ख्या गल्लीला माहीत आहे तुमचं नाव. फोनवर बोलून झालं, डॉक्टर आत गेले, तसे तुमचे साहेब त्या फाटकाचे गज धरून उभे राहिले आणि जे ओरडायला लागले! 'बोयो, एदिल्मा निघाली! चपला घातल्या. जिना उतरली. चर्चपाशी आली!' बसवाले थांबे पुकारतात ना, तसे. मला वाटलं, दारू प्यायलेत."

"ते बसच चालवायचे," मी म्हणाले.

"रांगेतले पुरुष हसले की. एक म्हणाला, 'काका, आज गुरुवार. बायको काय पंख लावून येणार?' यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. 'फार्मसीपाशी आली! पूल ओलांडला!' आवाज फुटलेला, मास्क भिजलेला. मग तो हसणाराच ओरडला, 'हो रे बोयो, दिसली मला, कोपऱ्यावर आहे!' मग सगळेच. मांजरवाला, पोपटवाला म्हातारा, सगळे. 'आली! आली!' मी इथून ओरडले, खोटं कशाला सांगू. 'शेवटचा थांबा, बोयो,' तुमचे साहेब म्हणाले, 'दारातच आहे बघ.' तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले."

"आत ऐकू गेलं असेल?"

"बाई, माझ्या स्वयंपाकघरात तेल तडतडत होतं, तरी मला ऐकू येत होतं."

तिने कागदात गुंडाळून एक एम्पानादा जाळीतून पुढे केली. नको म्हणता आलं नाही. चर्चपाशी, फार्मसीपाशी, पुलावर, काल मी जिथे जिथे पोहोचले होते तिथे तिथे थांबत घरी आले. वेळ संपत आली होती. पोलिसाने घड्याळाकडे बोट दाखवलं.

तेओ दारात उभा. माझ्या तोंडाकडे बघत होता.

"पाहिलास दवाखाना?"

"हो," मी म्हणाले. "काचांना कागद लावलाय."

"हं."

एम्पानादा दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

शनिवार, ११ जुलै

झगा धुतला नाही.

रविवार, १२ जुलै

दाविद शहरातून मुलीचा, यारिएलाचा फोन. फोन टेबलावर मधे ठेवला. ती रडत होती. "बाबा, शेवटी कसं झालं?" तेओने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुरुवात केली. डॉक्टर भला माणूस, खिडकी उजवीकडची — आज चौकट हिरवी होती — हात डोळ्यांवर, नाक झग्यात, मग झोपला. "हो ना? विचार तुझ्या आईला."

ती म्हणाली, "आई, खरंच?" माझ्या लाल शाईची वाट बघत.

मी म्हणाले, "शेपटीचं राहिलं, तेओ. एकदा शेपटी हलवली त्याने."